बर्फाच्या नळीतल्या पायऱ्या
(द्वितीय वर्ष, कला)

जॉर्ज मॅलरी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना एका वाक्यामुळे ठाऊक असते. एव्हरेस्टवर कशासाठी चढायचे, या अमेरिकन बातमीदाराच्या प्रश्नाला १९२३ साली त्याने दिलेले ते उत्तर वक्तृत्व स्पर्धांत इतके घासून गुळगुळीत झाले आहे की, ते पुन्हा येथे देण्याची काही गरज नाही. मलाही मॅलरी प्रथम भेटला तो शाळेत असताना पाठ केलेल्या अशाच एका भाषणात. त्या वेळी बक्षीसही मिळाले होते. पण तो माणूस कोण, कोठला, त्याने नेमके काय केले, हे त्या भाषणात नव्हते आणि मलाही ते कधी विचारावेसे वाटले नाही.

गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात एव्हरेस्टच्या जुन्या मोहिमांवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला दिवाळीची सारी सुटी गेली. त्यात पानोपानी एक शब्द येत होता : पोर्टर. शब्दकोशात पाहिले तर अर्थ दिला होता, हमाल. माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे असेल कदाचित, पण त्या पुस्तकात हमाल कोठे कोठे येतात, काय करतात, ते मी शोधत गेले आणि त्या शोधात मॅलरी मला भाषणातल्यापेक्षा फार निराळा दिसू लागला. शिखराजवळच्या ढगांत नाहीसा झालेला मॅलरी सर्वांना माहीत आहे. मला सांगायचे आहे ते त्या आधी एकोणीस दिवस त्याने चढलेल्या बर्फाच्या एका नळीविषयी. तेथवर जायचे, तर त्याचे आयुष्य थोडक्यात सांगायला हवे.

मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात मॉबर्ली या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. झाडे, भिंती, गटाराचे नळ, घराची कौले, जे उभे दिसेल त्यावर हा मुलगा चढत असे. एकदा तर तो वडिलांच्या चर्चच्या छपरावर जाऊन बसला होता. गणितात हुशार असल्याने त्याला विंचेस्टर या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. तेथील आयर्व्हिंग नावाच्या शिक्षकांना गिर्यारोहणाचा नाद होता. १९०४ साली त्यांनी त्याला आल्प्स पर्वतावर नेले आणि पोराचे नशीब ठरून गेले. शिक्षकाने दाखवलेली एक वाट माणसाला कोठवर नेईल, याचा नेम नसतो.

पुढे केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याने इतिहासाचा अभ्यास केला, नौकांच्या शर्यती गाजवल्या, आणि बॉस्वेल या चरित्रकारावर एक पुस्तक लिहिले. ते १९१२ साली प्रसिद्ध झाले. १९१० पासून तो चार्टरहाउस या शाळेत मास्तर होता. पुढे कवी म्हणून नावाजलेला रॉबर्ट ग्रेव्हज हा तेथला त्याचा विद्यार्थी. मास्तर म्हणून वर्गाला शिस्त लावण्यात मॅलरी कच्चा होता असे म्हणतात. मुलांशी तो मित्रासारखा वागे आणि मुले त्याचा फायदा घेत. २९ जुलै १९१४ रोजी रूथ टर्नर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि आठवडा उलटण्याच्या आत इंग्लंड महायुद्धात उतरले. १९१६ साली तो तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये गेला. सोमच्या लढाईत हजारो तरुण डोळ्यांदेखत मेले, तो मात्र वाचून परत आला. तोवर दोन मुली झाल्या होत्या, १९२० साली मुलगा झाला. संसार, नोकरी, सारे काही मार्गी लागले होते आणि त्याच सुमारास एव्हरेस्टचे बोलावणे आले.

त्या काळी नेपाळची सरहद्द परक्यांना बंद होती. म्हणून दार्जिलिंगहून निघून, सिक्कीम ओलांडून, तिबेटच्या पठारावरून शेकडो मैलांचा वळसा घालून एव्हरेस्टच्या उत्तरेला पोचावे लागे. १९२१ ची पहिली मोहीम केवळ वाट शोधण्यासाठी होती. वाटेतच डॉ. केलास हे अनुभवी गिर्यारोहक आजारी पडून वारले. मॅलरी आणि त्याचा शाळासोबती बुलक हे दोघे सुमारे महिनाभर रोंगबुक हिमनदीच्या परिसरात हिंडले. मॅलरी मोठा विसराळू गडी. त्याने परिश्रमपूर्वक अनेक छायाचित्रे घेतली, पण कॅमेऱ्यात काचा उलट्या बसवल्याने ती सारी वाया गेली! शिखराकडे नेणारा खरा दरवाजा म्हणजे पूर्व रोंगबुक हिमनदीची चिंचोळी घळ. तिच्या तोंडावरून तो गेला, पण तिचे महत्त्व त्याच्या ध्यानात आले नाही. ती वाट नोंदली ती भारतीय सर्वेक्षण खात्यातील व्हीलर या अधिकाऱ्याने. अखेर २४ सप्टेंबर १९२१ रोजी मॅलरी, बुलक व व्हीलर हमालांसह सुमारे सात हजार मीटर उंचीच्या उत्तर खिंडीत पोचले. गिर्यारोहक तिला नॉर्थ कोल म्हणतात. एव्हरेस्टची उत्तरेकडील धार तेथून सुरू होते. यापुढे जो कोणी या बाजूने जाईल, त्याला ही खिंड चढल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता १९२२. जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम गेली. २१ मे रोजी मॅलरी, सॉमरवेल व नॉर्टन हे प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय ८२०० मीटरच्या वर पोचले. इतक्या उंचीवर तोवर माणूस चढून गेला नव्हता. परतताना दोरीने बांधलेल्या साथीदारांचा पाय घसरला, तेव्हा मॅलरीने आपली कुऱ्हाड बर्फात रोवून, तिला दोरी गुंडाळून सगळ्यांना सावरले. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण पावसाळा तोंडावर आला असता, ताजे हिम पडलेले असता, आणखी एक प्रयत्न करायचे ठरले. ७ जून रोजी मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड हे तिघे इंग्रज आणि चौदा हमाल खिंडीच्या उतारावर चढू लागले. इंग्रज पुढे, ओझेवाले मागे. दुपारी वरचा सारा उतार तडकला आणि सरकू लागला. पुढच्या दोरीवरचे लोक थोडे घसरून थांबले. मागच्या दोन दोऱ्यांवरचे नऊ हमाल एका बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढता आले. सात जण मेले.

येथे मी पुस्तक मिटून ठेवले होते. दोन दिवस ते उघडले नाही. आमच्या बाजारात एकदा थप्पी कोसळून एक माणूस गेला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी काटा नेहमीच्या वेळी सुरू झाला होता, हे मला आठवत होते.

मॅलरीचे वागणे मात्र तसे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. बर्फाची पारख आपल्याला असायला हवी होती, त्या माणसांना धोका ठाऊक नव्हता, ते आपल्या भरवशावर आले होते, असे त्याने घरच्या व मित्रांच्या पत्रांतून कबूल केले. दोष त्याने हवामानावर ढकलला नाही की हमालांवर. सॉमरवेलचे मन तर पार हलून गेले. आपल्या तिघांपैकी एकही त्या सातांत नाही, याची त्याला लाज वाटत राहिली. पेशाने तो शल्यचिकित्सक होता. त्याच वर्षी हिंदुस्थानात फिरताना त्याने त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशनचे रुग्णालय पाहिले, रोग्यांची रांग पाहिली, आणि लंडनमधील उत्तम भवितव्य सोडून तेथेच काम पत्करले. उभी हयात त्याने दक्षिण भारतात रुग्णसेवेत काढली. १९२४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी या १९२२ च्या मोहिमेला गिर्यारोहणाचे सुवर्णपदक देण्यात आले. मानकऱ्यांत त्या सात मृतांचाही समावेश होता. परंतु पदक घेऊन ते करणार काय?

इंग्लंडला परतल्यावर मॅलरीने केंब्रिज विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात नोकरी धरली. ही गोष्ट त्याच्यावरच्या भाषणांत कधीच येत नाही आणि मला तर ती फार महत्त्वाची वाटते. ज्यांना कॉलेज लाभले नाही, अशा कामकरी प्रौढ स्त्री-पुरुषांना इतिहास शिकवण्याचे ते काम होते. श्रीमंतांच्या मुलांपुढे गडबडणारा हा मास्तर या वर्गांत रमला. आता पुन्हा एव्हरेस्टला जावे की न जावे, अशी त्याची ओढाताण चालली होती. एकीकडे रूथ आणि तीन मुले, दुसरीकडे अर्धे राहिलेले काम. विद्यापीठाने अर्ध्या पगारी रजा दिली आणि तो निघाला. त्याने जायला नको होते, असे मला वाटते. पण सदतीस वर्षांच्या माणसाला काय नको होते, हे एकोणिसाव्या वर्षी सांगणे सोपे असते.

१९२४ च्या मोहिमेत ब्रूससाहेब वाटेतच हिवतापाने आजारी पडले आणि नेतृत्व नॉर्टनकडे आले. मेच्या पहिल्या पंधरवड्यात असे वादळ व थंडी झाली की, सर्वांना खाली माघार घ्यावी लागली. मानबहादूर नावाचा मोची होता. बूट दुरुस्त करणे हे त्याचे काम. त्याचेच पाय घोट्यापर्यंत गोठले आणि त्यात तो दगावला. शमशेर नावाचा एक गुरखा जवानही मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. अशा स्थितीत २० मे रोजी मॅलरी, नॉर्टन, ओडेल आणि ल्हाक्पा त्सेरिंग हा शेर्पा असे चौघे उत्तर खिंडीची वाट उघडायला निघाले.

खिंडीचा हा उतार म्हणजे काय, ते आपण सह्याद्रीत राहणाऱ्यांनी मनात नीट आणले पाहिजे. हिमनदी कड्यावरून खाली येताना मोडते, तडकते, तिचे मोठाले ठोकळे होतात, मध्ये भेगा पडतात. पाणी कोसळता कोसळता जागच्या जागी थिजावे, तसे ते रूप असते. फरक एवढाच की, ते थिजलेले असूनही कणाकणाने सरकत असते. १९२२ साली ज्या मोकळ्या उतारावर ते सात जण गेले, ती वाट सोपी होती. तीच सोपी वाट मॅलरी व नॉर्टन यांनी या वेळी टाळली. नवे हिम साचून सरकेल अशी जागाच नको, म्हणून त्यांनी मुद्दाम उभी, कठीण, पण हिमलोटापासून सुरक्षित अशी रेषा निवडली. ती रेषा एका मोठ्या भेगेत उतरत होती, आणि भेगेपलीकडे होती एक उभी बर्फाची भिंत व तिच्यात एक चिंचोळी नळी. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने जे चढले असतील, त्यांना नळी म्हणजे काय ते सांगायला नको. पण तेथे कातळ असतो, दगडाला बोटे धरतात. येथे दोन्ही अंगांना निळ्या-हिरव्या रंगाचा काचेसारखा गुळगुळीत बर्फ. तळाशी हिमाचा पातळ थर, त्याखाली पोकळी. उंची सुमारे साठ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीइतकी. आणि हे सारे समुद्रसपाटीपासून सात हजार मीटरच्या जवळपास, जेथे बुटाची नाडी बांधतानाही माणसाला धाप लागते.

हल्ली परदेशांत गोठलेले धबधबे चढण्याचा खेळ चालतो. त्या लोकांच्या बुटांना पुढच्या बाजूने लोखंडी दात असतात, दोन्ही हातांत आखूड, वाकड्या चोचीच्या कुऱ्हाडी असतात. दात रोवायचे, चोच मारायची, वर सरकायचे. मॅलरीपाशी यातले काही नव्हते. पायात तळाला खिळे ठोकलेले कातडी बूट, हातात लाकडी दांड्याची एक लांब कुऱ्हाड. एकच उपाय, पायऱ्या खोदणे. एका पायावर तोल सांभाळायचा, डोक्याच्या वर कुऱ्हाड उगारायची, बर्फाचे कपचे तोंडावर झेलायचे, पाऊल मावेल एवढे भोक पाडायचे, त्यात पाय ठेवून पुढचे भोक पाडायचे. दर पायरीमागे घाव किती, ते बर्फाच्या कठीणपणावर. ती नळी मॅलरीने स्वतः पुढे राहून चढली. त्याला त्या दिवसांत भयंकर खोकला झाला होता. तो खोकत होता आणि खोदत होता.

आता मला मुद्द्याचे बोलू द्या. एकट्यादुकट्या कसबी गिर्यारोहकाला त्या नळीतून जायला अर्ध्या पावलाची खोबणही पुरली असती. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच नळीतून बारा हमाल पाठीवर ओझे घेऊन येणार होते. म्हणून पायऱ्या ओझेवाल्याच्या पावलाच्या हव्यात, ओझेवाल्याच्या ढेंगेच्या अंतरावर हव्यात. पाठीवर क्विंटलाचे पोते असलेल्या माणसाची ढेंग किती पडते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. ती रिकाम्या माणसाच्या निम्मीही पडत नाही. साठ मीटर चढणे वेगळे आणि साठ मीटरचा जिना दुसऱ्यासाठी करून ठेवणे वेगळे. मॅलरीच्या सगळ्या चढाईत मला हीच सर्वांत मोठी वाटते, ती यासाठी. दोन वर्षांपूर्वीचे ते सात जण त्या वेळी त्याच्या मनात होते का, हे मी सांगू शकत नाही. पण वाट निवडण्यात ते होते, हे वाटच सांगते.

उतरताना त्याच्यावरच बेतले. दोरी न बांधता तो पुढे चालला असता पायाखालचे हिम फुटले आणि तो एका भेगेत पडला. नशिबाने कुऱ्हाड आडवी अडकली. खाली काळोख. त्याने हाका मारल्या, त्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. मग बाजूच्या बर्फात हळूहळू भोक पाडत तो एकटाच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सॉमरवेल, अर्विन व हॅझार्ड बारा हमालांना घेऊन वर गेले. नळीतून सामान दोरीने ओढून घेतले, माणसे पायऱ्यांनी चढली. हॅझार्ड हमालांसह खिंडीत राहिला. मग हवा बिघडली. २३ मे रोजी हॅझार्ड आठ जणांना घेऊन उतरला आणि चौघे मागे राहिले. ताज्या हिमाने झाकलेल्या उताराची त्यांना भीती वाटली, त्यांतल्या एकाचे हात गोठलेले होते. हॅझार्डने त्यांना मागे ठेवून यावे, हे मला पटत नाही. पण नॉर्टनने दोषारोपात वेळ घालवला नाही. शिखराच्या साऱ्या योजना बाजूला ठेवून २४ मे रोजी तो, मॅलरी आणि सॉमरवेल असे तिघे त्या चौघांना आणायला निघाले. तिघेही आजारी होते. गुडघाभर हिम तुडवत ते वर पोचले. शेवटच्या धोक्याच्या पट्ट्यावर सॉमरवेल दोरीला बांधून आडवा गेला. नॉर्टन आणि मॅलरी यांनी मागे दोरी धरून ठेवली. दोरी काही हात अपुरी पडली. दोघे हमाल सुखरूप आले, उरलेले दोघे एकदम निघाले आणि घसरले. कड्याच्या अलीकडे कसेबसे थांबले. सॉमरवेलने कंबरेची दोरी सोडली, कुऱ्हाड हिमात रोवून तिच्याभोवती दोरी घेतली, एका हाताने टोक धरले आणि दुसरा हात लांबवून एकेकाला मानेला धरून ओढून घेतले. रात्री अंधारात सारे खाली आले, तेव्हा ओडेल व नोएल गरम सूप घेऊन वाट पाहत होते.

या एका दिवसाने त्या तिघांची उरलीसुरली ताकद गेली, असे जाणकार म्हणतात. शिखर हुकले ते येथेच, असेही कोणी म्हणतात. हुकले असेल.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नळीत अर्विनने दोरीची शिडी तयार करून टांगली, म्हणजे ओझेवाल्यांना आणखी सोपे झाले. ४ जून रोजी नॉर्टन एकटा सुमारे ८५७० मीटरपर्यंत गेला. ८ जून १९२४ रोजी मॅलरी व बावीस वर्षांचा अर्विन प्राणवायूची नळकांडी घेऊन वरच्या छावणीतून निघाले. दुपारी एकच्या सुमारास ढग क्षणभर फाटले आणि खालून ओडेलला धारेवर दोन ठिपके दिसले. मग ढग मिटले. ते शिखरावर पोचले की नाही, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. १ मे १९९९ रोजी शोधपथकाला मॅलरीचा देह ८१५५ मीटरच्या आसपास सापडला. पालथा, हात वर पसरलेले, पाय मोडलेला, कंबरेला तुटलेली दोरी. खिशात काळा चष्मा आणि जपून ठेवलेली पत्रे होती. शिखरावर ठेवायला नेलेले रूथचे छायाचित्र मात्र मिळाले नाही. अर्विनचा एक पाय, बूट व नाव शिवलेला मोजा यांसह, २०२४ मध्ये खाली हिमनदीवर मिळाला.

ही सारी हकीकत मी एका रात्री घरी वडिलांना सांगितली. शिखराचा वाद त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, पण त्यात त्यांना फारसा रस वाटला नाही. त्यांनी विचारले ते त्या पायऱ्यांविषयी. आमच्याकडच्या हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या, अजून माणसे त्यावरून चढतात. तशा त्या बर्फातल्या पायऱ्या पुढे कोणाच्या उपयोगी पडल्या का, असा त्यांचा प्रश्न होता. मला उत्तर येत नव्हते. दुसऱ्या दिवशी पुस्तकात पाहिले. यानंतरची मोहीम नऊ वर्षांनी, १९३३ साली गेली. अर्विनची समजली जाणारी कुऱ्हाड धारेजवळच्या खडकावर मिळाली ती याच मोहिमेला. तोवर खिंडीचा उतार सरकून पार बदलून गेला होता. फ्रँक स्माइथ नावाच्या गिर्यारोहकाने दुसरीच एक बर्फाची भिंत शोधली, तिच्यात नव्याने पायऱ्या खोदल्या आणि मागून येणाऱ्या हमालांसाठी वरून दोरीची शिडी सोडली.